खरूज, औषध आणि पिते लेकरू

वसुबारशेची संध्याकाळ आली की शहरात राहणाऱ्या माणसाला आपण गाव सोडल्याची जाणीव नव्याने होते. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सवत्स धेनू आणायची कुठून? आमच्याकडे पितळेची एक लहानशी गाय आहे, तिच्या पोटाशी तेवढेच चिमुकले वासरू आहे. दरवर्षी सौभाग्यवती त्या जोडीला हळदकुंकू वाहते, बाजरीची भाकरी नि गवारीच्या भाजीचा नैवेद्य दाखवते, आणि त्या दिवशी घरात दूध-तुपाला कोणी हात लावत नाही. ते दूध वासराचे, अशी त्यामागची भावना.

गेल्या वर्षी मात्र आमच्या नऊ वर्षांच्या नातीने यात एक सुधारणा सुचवली.

"आजोबा, पितळेची आई कशाला? आपल्या घरात खरी आई आहे की!"

ही खरी आई म्हणजे शेवंती. पिवळ्या-पांढऱ्या रंगाची, किलोभरालाही न भरणारी, गिनीपिगची मादी. चारच दिवसांपूर्वी तिला तीन पिल्ले झाली होती. उंदरा-सशांची पिल्ले आंधळी नि उघडी जन्मतात. गिनीपिगची तशी नव्हेत. साधारण सव्वादोन महिने आईच्या पोटात काढून ती बाहेर येतात ती डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात असा सगळा सरंजाम घेऊनच. दोन-चार दिवसांत गवताची काडी कुरतडू लागतात. तरी तीनेक आठवडे त्यांना आईचे दूध लागतेच, आणि आईला आचळे दोनच. त्यामुळे तीन पिल्लांची रांग लागलेली असते.

मी विनोदाने निरांजन हाती घेतले आणि पेटीजवळ वाकलो. ज्योतीच्या उजेडात जे दिसले त्याने माझा हात थबकला. शेवंतीच्या खांद्यावरचे केस गेले होते. खालची कातडी जाड होऊन तिच्यावर खपल्या धरल्या होत्या. पिल्ले लुचत असताना ती मधूनच मागचा पाय उचलून अंग इतके जोराने खाजवी की एखादे पिल्लू दूर भिरकावले जाई. ते उठून पुन्हा आचळाला लागे, आणि लागता लागता स्वतःही कान खाजवी.

दिवाळीसाठी तिसगावहून माझा पुतण्या आला होता. तो शेळ्या पाळतो. त्याने एका नजरेत निदान केले.

"काका, खरूज आहे ही. माझ्या पिशवीत शेळ्यांची इंजेक्शनची बाटली आहे. आईला एक टिपूस टोचा नि पिल्लांना एकेक. आठ दिवसांत किडे खल्लास!"

पुतण्याचे निदान अचूक होते आणि औषधही चुकीचे नव्हते. तरी मी जवळजवळ ओरडलोच, "हात लावू नकोस!" सगळे माझ्याकडे बघत राहिले. एवढे चिडण्यासारखे काय झाले, हे त्यांना कळेना. कळण्यासारखे नव्हतेच, कारण ती गोष्ट मी बावन्न वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

*

नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे तिसगाव. आसपास गर्भगिरीच्या डोंगररांगा, जवळच कानिफनाथांची मढी. मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार दूरदूरच्या मुलखात ठाऊक आहे. मुलूख कमी पावसाचा, म्हणून घरोघर शेळी. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते आमच्याकडे शब्दशः खरे. अशा मुलखात जनावराची खरूज ही नवलाची गोष्ट नव्हे. जाणती माणसे जनावर विकत घेताना दातांबरोबर कानाची पाळी नि मांडीची आतली बाजूही उलटून पाहत.

१९७२ साल. त्या सालाचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वर्णनाची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना वर्णनाने तो कळायचा नाही. गावची माणसे खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामावर जात. मिलोची लाल भाकरी नि कामावर मिळणारी सुकडी यांवर पोटे भरत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमच्या चांदी नावाच्या शेळीला त्या वर्षी दोन करडे झाली, आणि उपासमारीने खंगलेल्या तिच्या अंगावर खरूज फुटली. आधी कानांवर, मग मांड्यांत, मग थेट कासेवर.

आजीचे उपाय ठरलेले. करंजाचे तेल कोमट करून चोळायचे, आणि गंधक मिळाला तर त्यात खलायचा. तंबाखूचे पाणीही लोक लावत, पण पिते लेकरू असलेल्या शेळीला आजी ते लावू देत नसे. त्या साली करंजतेलच घरात नव्हते. घरात होती ती ज्वारीवरच्या किडीसाठी कधीतरी आणलेल्या पांढऱ्या भुकटीची अर्धी पुडी. तिला सगळे नुसते 'पावडर' म्हणत. ती होती बीएचसी. तिचा कुबट वास अजून माझ्या नाकात आहे.

मोठी माणसे कामावर गेलेली. चांदी खांबाला अंग घासून घासून रक्तबंबाळ होत होती. किडा मारायची पावडर घरात असताना शेळीने का सोसावे, असा सरळ हिशेब मी केला. कान, पाठ, मांड्या आणि जिथे खरूज सर्वांत जास्त होती ती कास, सगळीकडे मी पावडर चोळली. मला फार मोठे पुण्य केल्यासारखे वाटले. मग करडे सोडली.

संध्याकाळी त्यांतले लहान करडू थरथरू लागले. मान मागे जाई, पाय ताठ होत. आजी कामावरून आली, तिने करडाचे तोंड हुंगले, कास हुंगली, मग माझा हात धरून तो हुंगला. काही न बोलता राख नि पाणी घेऊन तिने कास धुऊन काढली. दुसरे करडू वाचले. लहान रात्रीतून गेले. चांदी सकाळपर्यंत ओरडत होती.

आजी मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आरं, आईला लावलंस, पन पितं लेकरू बगितलं न्हाईस."

ते करडू तसेही अशक्त होते, दुष्काळात आणखी शेकडो करडे मेली, असे मी पुढे स्वतःला पुष्कळदा समजावले. पण करडाच्या तोंडाचा तो वास समजावणीने जात नाही.

*

पुढे शिक्षकी पेशात असताना या खरजेच्या किड्याचा मी छंदच घेतला. त्याचा इतिहास वाचताना मला पहिले आश्चर्य वाटले ते याचे, की हा किडा विद्वानांच्या आधी आयांना ठाऊक होता.

आपल्या वैद्यकात खरजेला 'पामा' म्हणतात आणि गंधकाचे एक नाव 'पामारि', म्हणजे खरजेचा शत्रू, असे आहे. औषध इतके पक्के माहीत होते की ते त्याच्या नावातच जाऊन बसले. तथापि खरूज होते कशाने, याबद्दल पूर्वेकडे काय नि पश्चिमेकडे काय, शास्त्री मंडळी शरीरातल्या बिघडलेल्या दोषांकडे बोट दाखवीत. १६८७ मध्ये इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात बोनोमो नावाचा वैद्य आणि चेस्तोनी नावाचा औषधे बनविणारा, अशा दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचा जीव पाहिला आणि त्याचे चित्र काढले. त्यांना ही बुद्धी झाली कशी? गरीब बायका आपल्या खरूजल्या मुलांच्या कातडीतून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक काढून टाकतात, हे त्यांना ठाऊक होते म्हणून! त्यांनी ते 'काहीतरी' काचेखाली धरले इतकेच.

मौज अशी की एवढे होऊनही वैद्यकाने ही गोष्ट मनावर घेतली नाही. जवळजवळ दीडशे वर्षांनी, १८३४ साली, पॅरिसच्या एका प्रसिद्ध रुग्णालयात रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने भर वर्गात सुईने तो किडा काढून दाखवला, तेव्हा कुठे वाद मिटला. ही विद्या त्याने कुठे शिकली? आपल्या बेटावरच्या गरीब बायकांकडून.

हा जीव खरे तर किडाही नव्हे. त्याला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या नि गोचिडाच्या गोतातला, इंग्रजीत ज्याला माइट म्हणतात तो. त्याची मादी कातडीत बोगदा खणते आणि त्यात अंडी घालीत पुढे सरकते. माणसाचा, शेळीचा, गिनीपिगचा असे त्याचे प्रकार वेगवेगळे. गिनीपिगच्या कातडीत शिरणाऱ्या माइटची शास्त्रीय नोंद तर फार उशिरा झाली, आणि ती नेमकी १९७२ साली! इकडे मी चांदीच्या कासेवर पावडर चोळीत होतो तेव्हा तिकडे इंग्लंडातल्या गिनीपिगवर सापडलेल्या या जिवाला 'ट्रिक्साकारस' असे नाव मिळत होते. त्याची खाज एवढी भयंकर असते की खाजवता खाजवता गिनीपिगला झटके येतात. आणि आईच्या अंगावरून पिल्लांच्या अंगावर जायला त्याला वाट शोधावी लागत नाही. पिल्लू लुचायला पोटाशी आले की वाट तयार.

*

आता थोडे या गिनीपिगविषयी. याचा ना आफ्रिकेतल्या गिनीशी संबंध, ना डुकराशी. याचे माहेर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले, तेही मांसासाठी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला आणि मुलांचे खेळणे झाला. पुढे शास्त्रज्ञांच्या हाती लागला आणि त्याचे नशीब फिरले. क्षयाचे जंतू ओळखताना रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये त्याचाच उपयोग केला. १९०७ मध्ये नॉर्वेतल्या दोन शास्त्रज्ञांनी त्याच्यावरूनच दाखवले की स्कर्व्ही हा अन्नातल्या उणिवेचा रोग आहे. माणसाप्रमाणे गिनीपिगलाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, म्हणून हे साधले.

आपल्या महाराष्ट्राशीही त्याचे एक जुने नाते आहे, आणि ते त्याच्या अंगावरच्या पाहुण्यांमुळेच जडलेले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितले होते, पण त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातले गिनीपिग प्लेगने पटापट मरू लागले. ग्लेन लिस्टन नावाच्या डॉक्टरने मेलेल्या गिनीपिगांचे केस उलटून पाहिले, तर एरवी ज्यांच्या अंगावर क्वचितच पिसू आढळायची त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा! उंदीर मेले, उपाशी पिसवांनी जवळचे ऊबदार अंग शोधले. १९०५ मध्ये लिस्टन यांनी हे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. पुढे परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजेच १९२५ पासून जिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात तिथे, प्लेग कमिशनने शेकडो गिनीपिगांवर प्रयोग केले. पिसवांच्या उडीच्या टप्प्यात जमिनीवर ठेवलेले गिनीपिग प्लेगने मेले. त्याच खोलीत उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. प्लेगच्या घरांतून गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर पिसवा गोळा करण्याचे कामही त्यांनी केले.

म्हणजे या मुक्या जिवाने आपल्या अंगावरचे किडे दाखवून आपल्याला प्लेगचा मार्ग सांगितला. त्याच्या स्वतःच्या खरजेकडे बघायला मात्र १९७२ साल उजाडावे लागले. असो.

*

आता औषधांकडे वळू. गंधक सर्वांत जुना. दुर्गंधी खरा, डाग पाडणारा खरा, पण सोशीक. आजही अगदी तान्ह्या मुलांच्या नि अंगावर पाजणाऱ्या आयांच्या खरजेवर डॉक्टर गंधकाचे मलम देतात, ते तो आईच्या नि बाळाच्या अंगाला त्यातल्या त्यात निर्धोक म्हणून. माझ्या आजीचा गंधक मागासलेला नव्हता.

बीएचसीचा प्रवास निराळा. मायकेल फॅरडे यांनी तो पदार्थ १८२५ मध्ये प्रयोगशाळेत बनवला. त्याने किडे मरतात हे उमगायला १९४० नंतरचा काळ यावा लागला, आणि मग काही वर्षांतच तो शेतांतून, गोठ्यांतून, घरांतून पोचला. स्वस्त आणि जालीम! परंतु तो चरबीत मुरतो, आणि दूध म्हणजे चरबी आलीच. आईच्या कातडीवर घातलेले विष कासेतून लेकराच्या तोंडात जाते, आणि शिवाय ते कास चाटते ते वेगळेच. किड्याच्या मज्जातंतूंवर चालणारा घाव करडाच्या मज्जातंतूंवरही चालतो. ती थरथर, ते ताठ झालेले पाय, सगळे पुस्तकात लिहिल्याबरहुकूम होते. भारतात १९९७ साली बीएचसीवर बंदी आली.

आणि पुतण्याच्या पिशवीतली बाटली? तिची कथा एखाद्या परीकथेसारखी आहे. जपानमध्ये इतो शहराजवळ कावाना येथे समुद्राकाठी गोल्फचे एक मैदान आहे. तिथली चिमूटभर माती सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांतच गोळा केली. तिच्यातला एक सूक्ष्मजीव अमेरिकेत गेला. तिथे विल्यम कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की हा जीव जंतांना मारणारे काहीतरी तयार करतो. त्यापासून आयव्हरमेक्टिन निघाले. १९८१ पासून ते जनावरांना मिळू लागले. १९८७ पासून आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वावर ते माणसांना फुकट वाटले गेले, आणि २०१५ मध्ये ओमुरा नि कॅम्बेल यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जंत नि माइट यांच्या मज्जातंतूंतली एक विशिष्ट कवाडे ते सताड उघडते आणि त्यांना लुळे करते. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत ती कवाडे नाहीत. शिवाय अशा औषधांना मेंदूत शिरू न देणारा एक पहारा आपल्याकडे असतो.

पण हा पहारा चार दिवसांच्या पिल्लाचा पक्का झालेला नसतो. आणि हे औषधही चरबीत विरघळते, दुधात उतरते. म्हणून प्रश्न पुन्हा आजीचाच. पिते लेकरू बघितलेस का?

त्या रात्री मी पुतण्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. पंचवीस किलोच्या शेळीला या बाटलीतले अर्धा मिलिलिटर औषध लागते. त्याच मापाने शंभर ग्रॅमच्या पिल्लाला किती? मिलिलिटरचे हजार भाग केले तर त्यांतले दोन. आणि तू म्हणतोस तो 'एक टिपूस' किती? त्या हजारांतले सुमारे पन्नास. म्हणजे पिल्लाला पंचवीसपट! आईला ते एक वेळ झेपले असते. पिल्लाला नसते.

पुतण्या कागदाकडे बघत राहिला. मग मी चांदीची गोष्ट सांगितली. फटाके वाजत होते आणि घरात कोणी बोलत नव्हते. नातीने फक्त विचारले, "त्या करडाचं नाव काय होतं?" नाव ठेवलेले नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. धन्वंतरीचाच दिवस, म्हणून एक पशुवैद्य डॉक्टरीणबाई दवाखान्यात सापडल्या हे आमचे भाग्य. त्यांनी पहिली गोष्ट केली ती सोनाराला शोभेलशी. बारीक काट्यावर त्यांनी आईला तोलले, मग तिन्ही पिल्लांना एकेक करून. खपलीचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि नातीला दाखवला. आठ आखूड पायांचा तो गोलमटोल जीव बघून तिने "ई!" केले. लिव्होर्नोच्या त्या दोघा मित्रांनी काही वेगळे केले नसावे.

"फक्त आईला औषध दिलं तर चालणार नाही का?" मी विचारले.

"नाही चालणार. पिल्लांच्या अंगावरचे माइट पुन्हा आईवर येतील. आणि पिल्लं वेगळी काढून ठेवली तर दूध तुटेल. सगळ्यांना एकाच दिवशी, पण ज्याला त्याच्या वजनाने."

त्यांनी औषध पुष्कळ पातळ केले, कारण मूळच्या औषधात पिल्लाचे माप कोणत्याही सुईवर दिसले नसते. मग कानामागच्या कातडीवर मोजून दिले. या औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून ती फुटून निघाल्यावर दहा-बारा दिवसांनी दुसरी मात्रा आणि पुढे तिसरी. पेटीतले गवत रोज बदलायचे, पेटी गरम पाण्याने धुवायची, पिल्लांची नखे कापायची, आईला पेरू, कोथिंबीर, ढोबळी मिरची भरपूर द्यायची. निघताना त्यांनी बजावले, "खपल्या चिघळल्या तरी घरातली माणसांची गोळी देऊ नका. पेनिसिलिन हे गिनीपिगला विष आहे. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात."

मला आठवले, ऑक्सफर्डला १९४० च्या मे महिन्यात पेनिसिलिनची पहिली परीक्षा झाली ती उंदरांवर. तिथे गिनीपिग घेतले असते तर ते मेले असते, आणि कोण जाणे, ते औषध बाजूलाही पडले असते. एकाचे अमृत ते दुसऱ्याचे विष हे आपण म्हणत आलो आहोत. त्यातला 'एक' कोण नि 'दुसरा' कोण, हे प्रत्येक वेळी नव्याने बघावे लागते, आणि पिते लेकरू असले की एकाच घोटात दोघेही असतात.

तुळशीच्या लग्नापर्यंत शेवंतीचे खाजवणे थांबले. मार्गशीर्षात खांद्यावर नवे केस दिसू लागले. पिल्ले केव्हाच दूध सोडून काकडीवर तुटून पडत होती. तिन्ही वाचली.

यंदा उन्हाळ्यात तिसगावला गेलो तेव्हा पुतण्याच्या गोठ्यात एक नवी वस्तू पाहिली. आढ्याला लटकवलेला ताणकाटा, आणि त्याच्या आकड्याला गोणपाटाची झोळी. औषधाच्या दिवशी प्रत्येक करडू त्या झोळीतून जाते आणि त्याचे वजन वहीत चढते. मी तिथे उभा असताना त्याने एक करडू झोळीत ठेवले. ते पाय झाडीत ओरडू लागले. खाली त्याची आई मान वर करून बघत होती.

"बस, झालं झालं," पुतण्या तिला म्हणाला, आणि आकडा मोठ्याने वाचून मला म्हणाला, "काका, लिहा."

मी वही उघडली आणि लिहिले.